घरी एकवीस आवर्तनांचा गणपती अभिषेक

संकष्टीला किंवा विनायकीला घरच्या घरी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करायची, तर पाठांतराआधी पाण्याकडे बघा. अभिषेक मध्येच अडतो तो बहुधा ताम्हण भरून वाहू लागल्यामुळे.

मूर्ती धातूची घ्यावी. शाडूची विरघळते, रंगवलेलीचा रंग सुटतो. मूर्ती नसेल तर तांदळावर सुपारी मांडून आवाहन करा आणि अभिषेकाच्या वेळी ती ताम्हणात घ्या.

अभिषेकपात्राच्या भोकात दर्भाची काडी किंवा कापसाची वात घालून धार आदल्या दिवशीच जुळवून ठेवा. बारीक पण अखंड धार मिनिटाला साधारण 25 मिली जाते. एक आवर्तन सावकाश म्हटले तर तीन-चार मिनिटे, म्हणजे एकवीस आवर्तनांना सव्वा तास आणि सुमारे दोन लिटर पाणी. एवढे पाणी सहसा घरगुती ताम्हणात मावत नाही. शेजारी पातेले ठेवा आणि दर पाच आवर्तनांनी ताम्हण रिकामे करा. अभिषेकपात्रातही पाणी निम्म्यावर आले की भर घाला, कारण पाणी उतरले की धार मंदावते आणि थेंब पडू लागतात. एकटे असाल तर पळीने संथ धार धरली तरी चालते.

पंचामृताला दूध पाच चमचे, दही दोन, साखर दोन, तूप एक, मध अर्धा. तूप आणि मध समप्रमाणात घेऊ नयेत, हा आयुर्वेदाचा दंडक. पंचामृत तांब्याच्या भांड्यात कालवू नका. दह्याच्या आंबटपणाने तांबे उतरते आणि ते तीर्थ पोटात जाणार असते. चांदी, स्टील किंवा काच बरी. तांब्याचे अभिषेकपात्र फक्त पाण्यासाठी.

आचमन, संकल्प, दिवा, कलश-शंख-घंटापूजन झाले की ध्यान-आवाहन आणि पाद्य-अर्घ्य. मग दूध, दही, तूप, मध, साखर याच क्रमाने स्नान, प्रत्येकानंतर पळीभर पाणी. तुपाचा ओशटपणा गार पाण्याने निघत नाही. शेवटचे पाणी कोमट घ्या, नाहीतर गंध मूर्तीवर टिकत नाही. यानंतर गंध, फूल, धूप, दीप आणि उरलेल्या पंचामृताचा नैवेद्य ही पूर्वपूजा. ती बरेच जण विसरतात. तिचे निर्माल्य उत्तरेकडे काढल्यावरच मुख्य अभिषेक सुरू होतो.

‘भद्रं कर्णेभिः’ हा शांतिपाठ सुरुवातीला आणि अगदी शेवटी, एकेकदाच. प्रत्येक आवर्तन ‘ॐ नमस्ते गणपतये’पासून ‘श्रीवरदमूर्तये नमः’पर्यंत. ‘एतदथर्वशीर्षं योऽधीते’पासूनची फलश्रुती, म्हणजे पठणाचे फळ सांगणारा भाग, फक्त एकविसाव्या आवर्तनाला. ‘अनेन गणपतिमभिषिञ्चति स वाग्मी भवति’ हे वाक्य तिच्यातच आहे, तेव्हा ती गाळू नये.

मोजायला एकवीस शेंगदाणे किंवा नाणी घेऊन एका वाटीतून दुसरीत टाका. बोटांवर मोजणी चुकतेच. दहाव्या-बाराव्या आवर्तनाला वेग वाढतो आणि दोन जागा हमखास घसरतात: ‘अव पश्चात्तात्, अव पुरस्तात्’चा क्रम, आणि ‘गुणत्रयातीतः, अवस्थात्रयातीतः, देहत्रयातीतः, कालत्रयातीतः’ यातले एखादे पद. पाठ असले तरी पोथी समोर असू द्या. चुकलात तर तेवढेच वाक्य पुन्हा म्हणा, आवर्तन नव्याने नको.

अभिषेक संपला की मूर्ती कोरडी पुसा, विशेषतः सोंडेची आणि हातांची बेचकी. पाणी राहिले की पितळेवर हिरवट डाग चढतो. नंतर जानवे, गंध, शेंदूर, लाल फूल आणि दूर्वांच्या एकवीस जुड्या. गणपतीला तुळस वाहत नाहीत. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य पुरे, मोदक केलेत तर उत्तमच. आरती आणि मंत्रपुष्पांजली झाली की तीर्थ.

उरलेले अभिषेकाचे पाणी झाडांना घाला. पंचामृत मिसळलेले मात्र कुंडीत ओतू नका, मुंग्या होतात. ते भरपूर पाणी घालून अंगणातल्या मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून जरा दूर जिरवा.