आटे जुळले, फोकस नाही

जुने फिल्म कॅमेरे उघडायला लागला असाल, तर स्क्रू, स्पॅनर आणि डोनर बॉडी (सुटे भाग काढायला ठेवलेला बंद कॅमेरा) तुम्हाला ठाऊक असणारच. म्हणून थेट सांगते. पार्ट बसला म्हणजे जुळला असं समजू नका. मी तसं समजले आणि ताईच्या साखरपुड्याचा अख्खा रोल घालवला. ती पट्टी अजून टाकवत नाही.

माझ्याकडे भिंगाविना फेड-२ होता, म्हणजे आरसा नसलेला जुना सोव्हिएत कॅमेरा. चोरबाजारात एक इंडस्टार-५० भिंग मिळालं, ३९ मिमी आट्यांचं. छान घट्ट बसलं. रेंजफाइंडरमधली (दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवणारी खिडकी) दुहेरी प्रतिमा मात्र हलेना. आतलं वंगण सुकलं असेल, असं मी धरून चालले आणि अंदाजाने अंतर लावून फोटो काढले. एकही स्पष्ट आला नाही.

ते भिंग झेनिटचं होतं. झेनिट म्हणजे झॉर्कीच्याच (फेडसारखाच आरसा नसलेला सोव्हिएत कॅमेरा) बॉडीत आरसा घालून १९५२ मध्ये घडवलेला कॅमेरा. आटे तेच ठेवले, पण आरशाला जागा हवी म्हणून भिंग पुढे गेलं. फेड-झॉर्कीत भिंगाच्या बैठकीपासून फिल्म २८.८ मिमीवर असते, त्या झेनिटमध्ये ४५.२ मिमीवर. म्हणजे माझं भिंग फिल्मच्या १६.४ मिमी जास्त जवळ होतं. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी ते चार-पाच मिमीच पुढे येतं. स्पष्ट दिसणार कुठून? आणि रेंजफाइंडरचा दांडा ढकलणारी कडी झेनिटच्या भिंगाला मागे नसतेच. वंगणाचा काही दोष नव्हता. उलट, फेडचं भिंग झेनिटवर लावलंत तर फक्त अगदी जवळच्या वस्तू फोकस होतील.

लहान फरकही सोडत नाही. हेच भिंग नुसत्या जोड-रिंगने एम-४२ (४२ मिमी आट्यांच्या) बॉडीवर लावलं की अंतर ४५.४६ मिमी होतं. पाव मिलिमीटर वाढला, पण भिंगाची फोकस रिंग इन्फिनिटीवर (सर्वांत दूरवर) असताना फोकस साडेनऊ मीटरच्या आसपास अडकतो. जोड-रिंगला बाहेर कड असेल तर आणखी जवळ.

म्हणून रोल भरण्याआधी दुधी काच लावून बघा. मागचं झाकण काढा, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारी खूण) उघडं ठेवा, काच आतल्या दोन रुळांवर टेकवा, बाहेरच्या नव्हे. घासलेली बाजू भिंगाकडे. मग दूरची इमारत बघा. ट्रेसिंग पेपर वापरू नका, तो मधे झोल खातो.

झटपट गोंदाच्या वाटेला तर जाऊच नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरं येतं. बैठक कानशीने घासून पार्ट बसवणं मला पटत नाही. घासलेलं परत येत नाही. सहा महिने नुसता स्क्रू पुसायला लावणारा उस्तादही मला मान्य नाही. बिघडलेली बॉडी हातात देऊन शेजारी बसणारा शोधा.

जुन्या कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचं थोडक्यात: १.३५ व्होल्टच्या पारा बॅटरीच्या जागी १.५ चा सेल घातला की बरेच मीटर चुकीचं दाखवतात. श्रवणयंत्राचा ६७५ सेल जवळपास १.४ व्होल्ट देतो, पण काही आठवडेच टिकतो.

घाबरू नका. चुकीच्या बॉडीवर बसवल्याने माझं भिंग काही बिघडलं नाही. आज ते एका झेनिटवर आहे आणि ताईच्या मुलीचे फोटो त्यानेच काढते. मागच्या टोपणावर मार्करने ४५.२ लिहिलंय.