विज्ञान दिनाचा एक दिवस गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारात कसा घालवावा

28 फेब्रुवारी 1928 रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात प्रकाशाच्या विखुरण्याविषयीचा आपला शोध जाहीर केला. त्यासाठी त्यांना 1930 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 1987 पासून ही तारीख राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून देशभर पाळली जाऊ लागली. पुण्यात या दिवसाचे मोठे आकर्षण म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडचे आवार. एरवी ओळखपत्राशिवाय जेथे प्रवेश मिळत नाही, अशा संशोधन संस्था विज्ञान दिनाच्या निमित्ताने सर्वसामान्यांसाठी खुल्या होतात. पुष्कळ कुटुंबे मुलांना घेऊन येतात, सगळी दालने घाईघाईने पालथी घालतात, छायाचित्रे काढतात आणि थकून परत जातात. प्रदर्शने वर्षभर कोठे ना कोठे पाहायला मिळतात. संशोधन करणारी माणसे मात्र आपल्याशी बोलण्यासाठी अशी क्वचितच उभी असतात. म्हणून दिवसाची आखणी या माणसांना भेटण्याच्या दृष्टीने करावी.

गणेशखिंड की खोडद, हे आधी ठरवावे

विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राच्या दोन नामवंत संस्था आहेत. 1988 साली जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठीय केंद्राला सगळे जण आयुका म्हणून ओळखतात. दुसरी संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच एनसीआरए. मात्र एनसीआरएची महाकाय रेडिओ दुर्बीण गणेशखिंडला नसून पुण्याच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद येथे आहे आणि विज्ञान दिनाचे मोठे प्रदर्शनही तेथेच भरते. एका दिवसात दोन्ही ठिकाणे करू नयेत. जुन्नर, आंबेगाव किंवा संगमनेरकडच्या वाचकांनी सरळ खोडद गाठावे. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी पहिल्या वर्षी गणेशखिंड निवडावे आणि खोडद पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावे.

कार्यक्रमाच्या तारखा आणि वेळा संस्थेच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी पाहाव्यात. शालेय स्पर्धा बहुधा वेगळ्या दिवशी होतात आणि त्यांची नोंदणी शाळेमार्फत होते, तेव्हा त्याची चौकशी जानेवारीतच शिक्षकांकडे करावी.

घरून एक प्रश्न लिहून न्यावा

तयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि नेमका तोच राहून जातो. नारळीकर सरांकडे मुले स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते म्हणत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली स्वाक्षरी असेल. 20 मे 2025 रोजी सरांचे निधन झाले. त्यांची ही पद्धत मात्र आपल्याला घरी चालू ठेवता येते. जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येक मुलाने, आणि खरे तर प्रत्येक मोठ्यानेही, एक प्रश्न कागदावर लिहावा.

प्रश्न कसा असावा, याचा थोडा विचार करावा. ‘कृष्णविवर म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळते आणि संशोधकही तेच पुस्तकी उत्तर देतो. त्याऐवजी ‘हे कशावरून?’ असे विचारले की संभाषणाला वेगळेच वळण लागते. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसवत जाणाऱ्या लहरी, टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे आणि त्या प्रकल्पात आयुकाचा मोठा वाटा आहे. अशा वेधशाळेच्या प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान फरक मोजला जातो, हे ऐकल्यावर मुलाने विचारावे की, जवळून ट्रक गेला तरी जमीन हादरते, मग हलले ते लहरीमुळे की ट्रकमुळे, हे कशावरून ठरवता? उत्तरात 14 सप्टेंबर 2015 ची हकिगत येईल. त्या दिवशी अमेरिकेत एकमेकींपासून सुमारे 3000 किलोमीटर दूर असलेल्या दोन वेधशाळांनी तोच संकेत सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने टिपला होता. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी सारखाच ट्रक जात नाही, आणि प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला एवढ्या अंतरासाठी जास्तीत जास्त दहा मिलिसेकंद लागतात. विज्ञान कसे चालते, हे एवढ्या एका संवादातून दहा फलकांपेक्षा अधिक कळते.

आपला प्रश्न बाळबोध ठरेल, ही भीती मोठ्यांनाच जास्त असते. खोडदला गेलेल्या कोणालाही असा प्रश्न सुचू शकतो की, 45 मीटर व्यासाच्या या तबकड्या तारांच्या विरळ जाळीच्या आहेत, त्यांतून आकाश दिसते, मग लहरी आरपार कशा जात नाहीत? हा प्रश्न दुर्बिणीच्या रचनेच्या गाभ्यालाच भिडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी जाळीच्या भोकांच्या मानाने अतिसूक्ष्म असल्यामुळे प्रकाश आरपार जातो. ज्या रेडिओ लहरी टिपायच्या त्यांची तरंगलांबी मात्र वीस सेंटिमीटर ते काही मीटर असते, आणि एवढ्या लांब लहरींसाठी ही जाळी अखंड पत्र्यासारखीच ठरते. जाळीमुळे तबकडी हलकी झाली, वाऱ्याचा भार घटला, खर्च आवाक्यात आला आणि म्हणूनच ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा तीस तबकड्या उभारता आल्या.

सकाळी लवकर पोहोचावे

विद्यापीठ चौकातील वाहतुकीचा अनुभव सर्वांना आहेच. शक्यतो पीएमपीच्या बसने यावे. रेल्वेने येणाऱ्यांना शिवाजीनगर स्थानक जवळचे आहे. आवार चारशेहून अधिक एकरांचे असल्याने दिवसभर पुष्कळ चालावे लागते. सुती कपडे, चालण्याजोगी पादत्राणे, टोपी, पाण्याच्या बाटल्या, घरचा डबा, वही आणि ओळखपत्र एवढे सोबत असावे. रात्रीपर्यंत थांबणार असाल तर मुलांसाठी एक स्वेटर घ्यावा, कारण फेब्रुवारीअखेर पुण्यात दुपारी ऊन तापले तरी रात्री हवेत गारवा येतो.

आधी लंबक, मग संशोधक

आयुकाची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली आहे. मध्यभागी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाणारे कुंड असून तेथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. मुलांना तेथे थोडा वेळ मोकळे सोडावे आणि चुकामूक झाल्यास भेटायचे ठिकाण म्हणून हेच कुंड ठरवून ठेवावे.

त्यानंतर फुकोचा लंबक शोधावा. लंबक झोके घेत असेल तर जवळच्या एखाद्या खुणेच्या आधारे तो कोणत्या दिशेने झुलतो, हे वहीत रेखाटून घ्यावे, वेळ लिहावी आणि पुढे जावे. तासाभराने परत येऊन पुन्हा पाहावे. झोक्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुमारे पाच अंशांनी सरकलेली दिसेल. लंबकाला कोणी वळवलेले नसते. त्याच्या खालची पृथ्वी फिरलेली असते. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पूर्ण होतो, पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशावर त्याला सुमारे 75 तास लागतात, आणि विषुववृत्तावर दिशा मुळीच बदलत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपण लहानपणापासून मान्य करत आलेलो असतो. ते स्वतः मोजून पाहण्याची ही संधी दवडू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मधल्या तासाभरात संशोधकांच्या फलकांकडे जावे. सगळे फलक वाचण्याचा आग्रह धरू नये. दोन किंवा तीन निवडावेत आणि ज्या फलकाजवळ गर्दी कमी आहे तेथे आधी थांबावे. तेथे बहुधा पीएच.डी. करणारे विद्यार्थी असतात आणि कोणी मनापासून विचारले की ते भरभरून सांगतात. आदित्य-एल1 या यानावरील सूर्याच्या अतिनील प्रतिमा टिपणारी सूट ही दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने बनली आहे, त्यामुळे सूर्याविषयीचे प्रश्न येथे हक्काने विचारावेत. संवाद मराठीत हवा असल्यास तसे नम्रपणे सांगावे. समोरच्याला मराठी येत नसेल तर शेजारी कोणीतरी मदतीला धावून येते. मूल प्रश्न विचारत असताना पालकांनी मध्ये बोलू नये, अडखळले तरी त्याला स्वतःचा प्रश्न स्वतःच पूर्ण करू द्यावा.

दुर्बिणीतून सूर्य दाखवला जात असेल तर तो केवळ संस्थेने गाळणी लावून मांडलेल्या दुर्बिणीतूनच पाहावा. घरची द्विनेत्री (बायनॉक्युलर) कोणत्याही कारणाने सूर्याकडे रोखू नये. डोळा क्षणार्धात कायमचा जायबंदी होऊ शकतो.

लहान मुलांसाठी पुलस्त्य

दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फलकांपेक्षा आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अधिक रस वाटेल. तिच्या इमारतीचे नाव पुलस्त्य. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे हे नाव पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ निवडले गेले. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे आपले काम येथे अनेक वर्षे केले. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढ्यावर फिरणारी मोटर मुलांना येथे करून पाहता आली, तर तिची कृती वहीत उतरवून घ्यावी.

व्याख्यान एकच ऐकावे

आयुकाच्या चंद्रशेखर सभागृहातील व्याख्यानांना गर्दी होते, म्हणून अर्धा तास आधी रांगेत उभे राहावे. एकापाठोपाठ व्याख्याने ऐकून मुले कंटाळतात. मराठीतील एक व्याख्यान निवडावे, शेवटच्या प्रश्नोत्तरांपर्यंत थांबावे आणि नंतर कुंडाच्या पायऱ्यांवर बसून त्यातले काय कळले नाही याची आपापसात चर्चा करावी.

उन्हाची वेळ विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या परिसरात, झाडांखाली काढावी. 1860 च्या दशकात मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान म्हणून तिचे बांधकाम सुरू झाले. 22 जून 1897 च्या रात्री प्लेगच्या काळातील इंग्रज अधिकारी रँड हा येथील समारंभातूनच परतत असताना चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली.

आकाशदर्शनासाठी थांबावे

आकाशदर्शनाचा कार्यक्रम जाहीर झालेला असेल तर शक्यतो चुकवू नये. अंधार पडल्यावर पंधरा-वीस मिनिटे मोबाइलकडे पाहू नये, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. या दिवसांत संध्याकाळी मृग नक्षत्र डोक्यावर असते, त्याच्या एका बाजूला व्याध आणि दुसऱ्या बाजूला रोहिणी व कृत्तिका दिसतात. दुर्बिणीला हात न लावता डोळा नेत्रिकेजवळ न्यावा आणि दिसेनासे झाले तर निःसंकोच सांगावे.

दुर्बिणीतून छायाचित्रांसारखे रंग दिसणार नाहीत, हे मुलांना रांगेतच समजावून सांगावे. मृगातील तेजोमेघ फिकट, राखाडी धुक्यासारखा दिसतो, कारण कॅमेरा मिनिटेच्या मिनिटे प्रकाश साठवतो तसा आपला डोळा साठवू शकत नाही आणि मंद प्रकाशात त्याला रंगही ओळखता येत नाहीत. तो प्रकाश तेथून निघून सुमारे तेराशे वर्षे झालेली असतात. ‘हे अंतर कशावरून?’ असे त्याच वेळी दुर्बिणीशेजारच्या स्वयंसेवकाला विचारावे. मात्र मागची रांग लांब असेल तर बाजूला होऊन आधी इतरांना पाहू द्यावे आणि गर्दी ओसरल्यावर उत्तर सविस्तर ऐकावे.