छतावर सोलर बसवताय? परवानग्यांमधल्या या चुका टाळा

“दहा किलोवॅटच्या आत परवानगीच लागत नाही हो,” असं एजन्सीवाला म्हणतो आणि आपण ॲडव्हान्स देऊन मोकळे होतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वीजग्राहक हक्कांच्या नियमांत केंद्राने 2024 मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेची (म्हणजे तिथल्या वीजवाहिनीला ती झेपेल का याची) तपासणी लागत नाही, अर्ज पूर्ण असला की तो मंजूर धरतात. मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा, कमी पडला तर तो वाढवणं हेही वीज कंपनीचंच काम. पण ही सूट वीजजोडणीपुरतीच. गच्ची कोणाची आणि तिच्यावर काय उभारायचं, याच्याशी वीज कंपनीचा संबंध नाही.

अर्ज अडतात ते मात्र बहुतेकदा नावावर. आमच्या घराचं बिल कित्येक वर्षं आजोबांच्या नावाने येत होतं. ते जाऊन दशक उलटलं, तरी बिल वेळेवर भरलं जात होतं म्हणून कुणाला काही वाटलं नाही. सोलरचा अर्ज भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ग्राहक क्रमांक त्यांचा, आधार बाबांचं आणि अनुदानासाठी दिलेलं बँक खातं आईचं! मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, घरपट्टीची पावती हे सगळं जमवता जमवता अख्खा पावसाळा गेला. तेव्हा बिल, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून आधी नावं ताडून पाहा. कोटेशन नंतर मागवा.

फ्लॅटवाल्यांची चूक वेगळी. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून गच्ची आपली होत नाही, ती सगळ्या सभासदांची. सचिवांनी जिन्यात म्हटलेलं “लावा की” कामाचं नाही, सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव घ्या. त्यात जागा किती, टाकी धुवायला वाट किती, आणि खालच्या घरात गळती लागली तर वॉटरप्रूफिंग कोण करणार, हे लिहून घ्या. भांडणं उन्हावरून होत नाहीत, गळतीवरून होतात. खरं तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटीनेच मिळून सोलर बसवलेलं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यासाठी केंद्राच्या घरगुती सोलरच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. (वैयक्तिक घराला 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी एकूण 78,000.)

आता सांगाड्याचं. पॅनेलखाली उठबस करता यावी म्हणून सांगाडा उंच घेतात, मग पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून बाजूंना पत्रे ठोकतात, शेवटी दार येतं. हे आता सोलर नव्हे, खोली आहे, आणि पालिकेच्या लेखी अनधिकृत बांधकाम. उंच सांगाडा हवाच असेल तर आधी बांधकाम परवानगी विभागात विचारा. इमारत हेरिटेज यादीत असेल तर साध्या सांगाड्यासाठीही विचारायला हवं.

अनुदान हवं असेल तर पॅनेल देशी सेलचे, म्हणजे डीसीआर, आणि एजन्सी नोंदणीकृत हवी. दोन्ही बिलावर लिहून घ्या.

आणि सोलर लावूनही पहिलं बिल फुगून आलं, तर मीटर बघा. यंत्रणा बसली की “चालू तर करून बघू” म्हणून नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागायच्या आतच स्विच दाबला जातो. जुना इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा अनेकदा वापर म्हणूनच मोजतो. नेट मीटर लागेपर्यंत सोलरचा इन्व्हर्टर बंद ठेवा. लागल्यावर भर दुपारी, घरातलं बहुतेक सगळं बंद करून, निर्यातीचा आकडा पुढे सरकतोय का ते स्वतः उभं राहून पाहा.