बारा, पंधरा की अठरा? लहान सेटअपसाठी बेस निवडताना

कराडला माझा दोन टॉप, दोन बेसचा साउंड सेटअप आहे. टॉप म्हणजे शब्द आणि वरचा आवाज देणारे स्पीकर, बेस म्हणजे खालचा जाड आवाज देणारे; बारा, पंधरा, अठरा ही बेसच्या स्पीकरची इंचातली मापं. मिक्सरवर मी, छोट्या हत्तीवर आणि वायरिंगला भाऊ. सप्ताहातली कीर्तनं, शाळांची स्नेहसंमेलनं, हळदी, छोटे ऑर्केस्ट्रा. समोर माणसं दीडशे ते तीनशे. या धंद्यात नव्याने येणारी मुलं पहिल्यांदा हेच विचारतात, "ताई, अठराचाच घेऊ ना?" मी उलट विचारते, त्यावर वाजणार काय?

पखवाजाची कणीक लावलेली धूम, म्हणजे डावी बाजू, माझ्या मिक्सरच्या अ‍ॅनालायझरवर बहुतेक वेळा ७० हर्ट्झच्या वरच दिसते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा कमी तितका आवाज जाड). तबल्याचा डग्गाही त्याच आसपास. ड्रमसेटचा किक ५०-६० ला बसतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, आणि हळदीत लावतात त्या ट्रॅकमध्ये आवाज ४० च्याही खाली जातो. कीर्तनाला चाळीसची गरजच नाही. तिथे खालचं जास्त सोडलं की मंडप घुमतो आणि बुवांचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत, आणि लोक शब्द ऐकायला आलेले असतात.

खाली जाणं महाग का पडतं ते नीट समजून घ्या. ८० हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो तेवढाच ४० ला हवा असेल, तर स्पीकरच्या कागदाला चौपट आत-बाहेर व्हावं लागतं. बाराचा कागद साधारण ५३० चौरस सेंटीमीटरचा, पंधराचा ८५० चा, अठराचा १२०० चा. म्हणजे बाराचे दोन मिळून एका अठराच्या जवळ येतात, आणि पंधराचे दोन त्याच्या बरेच पुढे जातात. मी पंधराच्या जोडीवर थांबले ती या हिशोबाने.

"अठराचा हळू असतो, पंधराचा पंच मारतो," असं बाजारात सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. ८० हर्ट्झला दोन्ही कागद सेकंदाला ८० वेळाच हलतात. आवाज ढिला वाटतो तो खोक्याच्या ट्यूनिंगमुळे (खोक्यातली हवा ज्या हर्ट्झला घुमते तो आकडा), नाहीतर क्रॉसओव्हरला, म्हणजे बेस संपून टॉप सुरू होतो त्या हर्ट्झला, टॉप आणि बेस एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. हे तपासायला ८०-९० हर्ट्झचा टोन लावा, प्रेक्षक बसतात तिथे उभे राहा आणि बेसची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करून बघा. ज्या पोलॅरिटीला आवाज भरदार येईल ती ठेवा. मी क्रॉसओव्हर ९० ला ठेवते.

दुकानात चुंबक केवढं आणि वॅट किती, एवढंच बघू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो. ९५ सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल) जागी ९८ चा स्पीकर घेतला तर तेवढीच वाढ अ‍ॅम्प्लिफायर न बदलता मिळते. वॅट वाचताना आरएमएसचा (सतत झेपणारा) आकडा धरा, पीकचा (क्षणभराचा) सोडून द्या. त्याच मॉडेलचा दुसरा बेस, दुसऱ्या अ‍ॅम्प चॅनलवर, पहिल्याला खेटून ठेवला तर ६ डेसिबलच्या आसपास मिळतात. म्हणून पैसे कमी असतील तर आधी एक चांगला घ्या आणि पुढच्या वर्षी तसाच दुसरा. एक पंधरा आणि एक अठरा अशी मिसळ करू नका, दोघांचं ट्यूनिंग जुळत नाही.

पहिल्या वर्षी माझ्याकडे बाराची जोडी होती. एका हळदीत पाहुण्यांच्या आग्रहाने मी ३५ हर्ट्झ वाढवला. अर्ध्या तासात एका स्पीकरची कॉइल घासायला लागली. भोकाच्या खोक्यात ट्यूनिंगच्या खाली कागदाला आतली हवा धरून ठेवत नाही, तो मोकळा उड्या मारतो. तेव्हापासून हाय-पास फिल्टर (ठरलेल्या हर्ट्झखालचा आवाज कापणारा) लावल्याशिवाय मी बेस चालू करत नाही. माझी खोकी ४२ ला ट्यून आहेत, फिल्टर ४० ला. तुमच्या खोक्याचा आकडा बनवणाऱ्याकडून विचारूनच घ्या.

मांडणीवरही बरंच अवलंबून आहे. स्टेजच्या दोन टोकांना एकेक बेस ठेवला की बरोबर मध्यभागी दणका बसतो आणि बाजूला खड्डे पडतात. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची. दोन्ही बेसपासूनच्या अंतरात दोन-सव्वादोन मीटरचा फरक पडला की तिथे ते एकमेकांना खातात. दोन्ही एकत्र, स्टेजच्या पुढ्यात मधोमध, जमिनीवर ठेवा. बायकांची बाजू, पुरुषांची बाजू, दोन्हीकडे सारखं ऐकू येतं.

माझा कौल असा: सभागृहात शंभरेक माणसं, भजन-गाणं असेल तर बाराची जोडी पुरते. मंडपात तीनशेपर्यंत, ड्रमसेटसह, पंधराची जोडी. उघड्या मैदानावर ट्रॅक वाजवायचे असतील तर अठरा, तेही दोन. मात्र अठराचं प्लायचं खोकं पन्नास किलोच्या घरात जातं. आमच्याकडे उचलणारे दोघंच आणि निम्मे कार्यक्रम देवळाच्या पायऱ्या चढून वर. खरेदीआधी टेप घेऊन गाडीचा हौदा मोजा, आणि नेहमीच्या सभागृहांची दारंही.