जुन्या गाडीचं मिसिंग : पार्ट आणायला पळण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की गॅरेजसमोर एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहतात. "मिस्त्री, गाडी मिस मारतीया. प्लग बदललं, कॉइल बदलली, तरी तेच." दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली पेट्रोल गाडी आणि डिकीत नव्या पार्टांची रिकामी खोकी. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल पेटत नाही किंवा अर्धवट पेटतं, एवढंच. पेट्रोल पेटवते प्लगची ठिणगी, आणि तिला करंट पुरवते कॉइल. तो सिलिंडर कुठला हे न शोधता दुकान गाठणं ही सगळ्यात महागडी चूक.

कोड वाचला म्हणजे रोग कळला

गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्कॅनरवर पी-०३०२ हा बिघाडाचा कोड आला की पोरं लगेच दोन नंबरची कॉइल मागवतात. अरे, कोडनं फक्त सिलिंडर दाखवला. तिथं कॉइल मेली, प्लग मेला, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबला की व्हॉल्व्ह बसत नाही, हे तुम्हालाच शोधायचंय. पी-०३०० असेल तर मिसिंग एका जागी नाही. तिथं एका कॉइलच्या मागं लागण्यात अर्थच नाही.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेली गाडी असेल तर मी दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर टाकतो, कोड खोडतो आणि गाडी बाहेर काढतो. पी-०३०३ आला तर कॉइल दोषी. दोनवरच राहिला तर तसाच प्लग हलवतो. मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एका वेळी एकच वस्तू. चार गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत चारही बदलाव्या लागतात.

कोल्हापुरात रंकाळ्याला एक फेरी मारून "ओके" म्हणणं

कमजोर स्पार्क सपाट रस्त्यावर पकडता येत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबातून प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, ओलांडायला स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं. ते जमलं नाही की करंट सोपी वाट शोधतो. म्हणून मी गाडी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढाला नेतो आणि गिअर मुद्दाम खाली टाकत नाही. तिथं झटका दिला नाही, तरच गाडी मालकाच्या ताब्यात.

मार्केट यार्डातले एक गूळ व्यापारी अशीच गाडी घेऊन आले होते. गावात मख्खन, पन्हाळ्याला निघाले की वाघबीळला हादरे. आधीच्या ठिकाणी चारही कॉइल, प्लग, पेट्रोल पंप बदलून झालं होतं, इंजेक्टर धुऊन झाले होते, आणि आता "इंजिन कामाला आलंय" असं ऐकवलं होतं. मला म्हणाले, "आवं मिस्त्री, आता जुनं म्हणून स्टिअरिंगच तेवढं राहिलंय."

तीन नंबरची कॉइल उपसली. प्लगवर बसणारा तिचा रबरी बूट तेलानं ओलाचिंब, बोटात धरला तर मऊ पडलेला, तोंडाशी फुगलेला. प्लग बसतो त्या खोल विहिरीत बॅटरी मारली तर प्लगचा षटकोन तेलात बुडालेला. आधी कापड घालून तेल टिपून घेतलं, नाहीतर प्लग सुटताच ते सगळं सिलिंडरमध्ये जातं. प्लग बाहेर काढला तर पांढऱ्या पोर्सिलीनवर वरच्या टोकापासून खाली धातूपर्यंत पेन्सिलीनं ओढावी तशी करडी रेघ. चढावर स्पार्क गॅपमधून न जाता त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर इंजिनच्या बॉडीत उतरत होता. बुटाच्या आतही तशीच रेघ. म्हणजे नवी कॉइल आणली आणि त्याच तेलात बुचकळली! बसवणाऱ्याला ते तेल दिसलं नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याला घाई होती.

इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं गॅस्केट, विहिरींची सीलं, प्लग आणि बूट, एवढंच बदललं. विहिरीत तेल वरून, त्या सीलातून येतं. त्याचा रिंग-पिस्टनशी संबंध नसतो. तरी या तेलाच्या नावाखाली इंजिन उघडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

प्लग घासून परत बसवणं

पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश. या दोन वस्तू प्लगजवळ दिसल्या की माझं डोकं फिरतं. तारेचे धातूचे कण पोर्सिलीनवर चिकटतात आणि करंटला नवी पायवाट मिळते. इरिडियम प्लगचं टोक तर सुईसारखं बारीक, ब्रशनं ते जातंच. साधा निकेलचा प्लग वीस-तीस हजार किलोमीटरला टाकून द्यायचा. गावजेवणाला हजार उडवणारा माणूस प्लगच्या सेटला का कचरतो, देव जाणे. नव्या प्लगचाही गॅप फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, बघा; खोक्यातून निघाला म्हणजे तुमच्या गाडीला जुळला असं नाही.

गॅसवर मिसिंग, मग किटला शिव्या

पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिस मारत असेल, तर लोक सरळ किटवाल्याशी भांडायला जातात. गॅस पेटवायला स्पार्क जास्त दमदार लागतो. झिजलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. आधी प्लग आणि त्याला करंट नेणारी केबल बघा, मग भांडा. दुसरी गोष्ट, बरीच वर्षं गॅसवर पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हवरची मोकळी फट, संपतो. मालक खूश असतो की टॅपेटचा आवाज बंद झाला. मला मात्र असं गप्प झालेलं जुनं इंजिन दिसलं की आधी गॅप मोजावासा वाटतो. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर नव्या प्लगनं मिसिंग जाणार नाही.

बाकीच्या, पटापट

चालू इंजिनवर प्लगची केबल उपसून सिलिंडर तपासू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो, कॉइलही जाऊ शकते. मी इंजेक्टरचा कनेक्टर काढतो. इंजिनच्या आवाजात फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर.

केबल काढताना बूट धरा, वायर ओढू नका.

सगळ्या केबली एकदम काढायच्या असतील तर आधी खुणा करा. मारुती ८०० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२, बहुतेक चार सिलिंडरवाल्यांचा १-३-४-२.

गरम इंजिनमधून प्लग काढू नका, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. आणि बसवताना सुरुवात हातानंच, पाना शेवटी.

चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो पार्ट बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो.

प्रेशरनं इंजिन धुणं जुन्या गाडीला बंद करा.

जुलैत सकाळी मिसिंग आणि दुपारपर्यंत गायब होत असेल तर केबली तडकल्यात. रात्री लाइट बंद करून, इंजिन चालू ठेवून केबलींवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लावू नका. जिथं निळी ठिणगी नाचेल ती केबल. पण बदलताना पूर्ण सेट टाका. बाकीच्याही तेवढ्याच जुन्या आहेत.