उन्हाळ्यात जनावराचे पाणी मोजून पाजा

ऊन तापले की जनावरांना भरपूर पाणी पाजा, असे सगळेच सांगतात. भरपूर म्हणजे किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

जनावराच्या वजनात साधारण 60 ते 70 टक्के पाणीच असते आणि ते सतत बदलत राहते. संशोधक हा बदल मोजताना जड पाण्याचा, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असलेल्या पाण्याचा, ठरावीक डोस शिरेतून देतात. काही तासांत तो अंगभर मिसळला की रक्ताचा नमुना घेतात. डोस किती पातळ झाला त्यावरून अंगातले एकूण पाणी कळते. पुढच्या दिवसांत त्याचे प्रमाण किती वेगाने घटते, त्यावरून पाण्याची रोजची उलाढाल निघते. ट्रिटियम हा हायड्रोजनचा आणखी जड प्रकार वापरूनही हे करता येते, पण ते किरणोत्सारी असल्याने दुभत्या जनावराला जड पाणीच बरे.

गोठ्यात एवढे करायची गरज नाही. हौदाला आतून रेघ मारा आणि रोज ठरलेल्या वेळी मापाच्या बादलीने रेघेपर्यंत भरा. जेवढे ओतले तेवढे गेले. त्यातले उन्हाने किती उडाले ते पाहायला तसेच एक भांडे जनावराचे तोंड पोचणार नाही अशा जागी भरून ठेवा, नाहीतर उडालेले पाणीही प्यायल्यात धरले जाईल. हौद सामायिक असेल तर गटाची सरासरीच मिळते. दुभत्या गाईचे पाणी वेगळे ठेवता आले तर फार चांगले.

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो चाऱ्यात. 1 किलो हिरवी कुट्टी पसरून वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. 200 ग्रॅम उरली तर पाणी 80 टक्के, म्हणजे 25 किलो चाऱ्यातून 20 लिटर पाणी पोटात गेले. सुक्या वैरणीत ते जेमतेम 10 टक्के असते. म्हणून हिरवा चारा संपून सुकी वैरण सुरू झाली की हौदावरचे पिणे वाढलेच पाहिजे. ते वाढले नाही तर आधी पाणी तापलेय का, हौद शेवाळलाय का, ते बघा.

आठवडाभर आकडे लिहा, सोबत दूधही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, डोळे खोल गेले, हिरड्या कोरड्या दिसल्या, तर आकड्यांची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. बराच वेळ तहानलेल्या जनावराला एकदम पोटभर पाजू नका, थोडे थोडे द्या.