लिखा पुन्हा पुन्हा का होतात? घरी काढताना या चुका टाळा

“गेल्याच आठवड्यात औषध लावलं होतं, परत झाल्या!” शाळकरी मुलींच्या आयांच्या तोंडून हे मी कितीदा ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. बहुतेक वेळा त्या परत झालेल्या नसतात, गेलेल्याच नसतात.

मादी ऊ टाळूलगत अंडं घालते आणि ते केसाला घट्ट चिकटवते. हीच लीख. ७ ते १० दिवसांत तिच्यातून पिल्लू निघतं आणि पुढे साधारण ९ ते १२ दिवसांत तेही अंडी घालण्याच्या वयाचं होतं. दुकानात मिळणारं १ टक्का परमेथ्रिनचं उवांचं औषध चालत्या उवा मारतं, लिखा मात्र त्यातून वाचतात. म्हणून एकदाच औषध लावून थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिल्या वेळेनंतर ९व्या दिवशी पुन्हा लावा, कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा. औषधाआधी कंडिशनर लावू नका, त्याने औषधाचा असर कमी होतो. आणि १० मिनिटं सांगितली असतील तर १० मिनिटंच. रात्रभर ठेवून जास्त गुण येत नाही.

कोरड्या केसांत साधा कंगवा फिरवणं. त्याने लिखा हलतसुद्धा नाहीत. धातूच्या, अगदी जवळजवळ दातांची फणी घ्या. केस ओले करून भरपूर कंडिशनर चोपडा, आधी मोठ्या कंगव्याने गुंता सोडवा. मग चार भाग करून तीन भाग चिमट्यांनी वर अडकवा. राहिलेल्या भागातली बोटभर रुंदीची बट घ्या, फणी टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत ओढा आणि दरवेळी पांढऱ्या फडक्यावर पुसून बघा. कानामागे आणि मानेवर दुप्पट वेळ द्या, लिखा तिथेच जास्त असतात. फणीलाही दाद न देणारी लीख दोन नखांच्या चिमटीत धरून टोकापर्यंत ओढत न्यायची, नाहीतर तो एक केसच कापायचा. लांब केसांना तासभर सहज लागतो. लेकीला खिडकीजवळच्या उजेडात बसवा, हातात गोष्टीचं पुस्तक द्या. दर तीन दिवसांनी असं विंचरत राहा, निदान दोन-तीन आठवडे. खोबरेल तेलाने फणी सरकायला मदत होते, पण तेलाने लिखा मरतात असं समजू नका.

रॉकेल आणि सीताफळाच्या बिया. इथे मी हात जोडून सांगते, नको. रॉकेलने कातडी भाजते, त्याची वाफ छातीत जाते आणि जवळ देवघरातला दिवा किंवा गॅस असेल तर केस पेटू शकतात. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. भयंकर आग होते, पाणी वाहतं, दिसणं धूसर होतं. अशी पूड चुकून डोळ्यांत गेलीच, तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ढेकणांचं किंवा गुरांच्या गोचिडांचं औषधही मुलांच्या डोक्याला कधीच लावू नका.

मेलेल्या लिखांवर पुन्हा औषध. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे टाळूपासून बोटभर लांब असलेली पांढरी लीख म्हणजे बहुधा नुसतं रिकामं टरफल. जिवंत लीख टाळूलगत, तपकिरी-करडी असते. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही.

घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, आजीचंही. मात्र गाद्यांवर फवारणी नको. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते. अभ्रे, टॉवेल, रिबिनी गरम पाण्यात धुतल्या आणि फणी १० मिनिटं कडकडीत गरम पाण्यात बुडवली की पुरे.

आणि मुलीला चारचौघांत “घाणेरडी” म्हणू नका. उवा स्वच्छ केसांतही होतात. डोक्याला डोकं लागलं की त्या चालत येतात, उडत नाहीत.

दोनदा नीट औषध लावूनही उवा चालताना दिसल्या, खाजवून पू झाला, मानेत गाठी आल्या किंवा पापण्यांवर लिखा दिसल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध लावायचं नाही, तोवर ओले केस आणि फणी एवढंच.